मागील चाकांची अलाइनमेंट (जुन्या मोटारींतील बिघाड व दुरुस्ती)

मोटारीची मागील दोन्ही चाके एकमेकांशी आणि गाडीच्या मध्यरेषेशी ठरावीक कोनांत असणे म्हणजे मागील चाकांची अलाइनमेंट होय. हे कोन बिघडले असता त्याचे कारण शोधून ते पूर्ववत करणे ही जुन्या मोटारींच्या देखभालीतील महत्त्वाची, पण पुष्कळदा दुर्लक्षित राहणारी दुरुस्ती आहे. पुढच्या चाकांना टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी, लांबी कमीजास्त करता येणारी दांडी) असल्याने त्यांचा कोन पान्याने बदलता येतो. मागे मात्र बहुतेक जुन्या गाड्यांत अशी सोयच ठेवलेली नसते, आणि त्यामुळे ‘मागे काही करता येत नाही’ असा समज गॅरेजांतही आढळतो. तो चुकीचा आहे. जिथे जुळवणीची सोय नाही तिथे कोन बदलला याचा अर्थच असा की काहीतरी सरकले, झिजले, वाकले किंवा गंजले आहे, आणि तो भाग दुरुस्त करणे हीच तेथील अलाइनमेंट होय.

मागील चाकांच्या बाबतीत तीन कोन पाहिले जातात. गाडीकडे वरून पाहिले असता चाकाचा पुढचा भाग आत वळलेला असेल तर टो-इन आणि बाहेर वळलेला असेल तर टो-आउट म्हणतात. समोरून किंवा मागून पाहिले असता चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर कललेला दिसतो तो कॅम्बर. टायरची सर्वांत जास्त नासाडी टोमुळे होते. चाक प्रवासाच्या दिशेशी एक अंशाने तिरके असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासले जाते; पाव अंशाचा दोषही किलोमीटरला चार मीटरहून अधिक घासण्याइतका असतो. मागील टो-आउट हा केवळ टायरच्या खर्चाचा प्रश्न नाही. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, आणि तेच चाक बाहेरच्या दिशेला तोंड करून असेल तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागतो. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर, विशेषतः वळणात ब्रेक लावताना, हे धोक्याचे ठरते.

तिसरा कोन थ्रस्ट कोन या नावाने ओळखला जातो. मागची दोन्ही चाके मिळून ज्या दिशेला गाडी ढकलतात ती दिशा मध्यरेषेपासून किती ढळली आहे, हे तो दाखवतो. मागची चाके डावीकडे पाहत असतील तर सरळ जाण्यासाठी पुढची चाकेही तेवढीच डावीकडे वळवून धरावी लागतात. परिणामी गाडी रस्त्यावर सरळ जाते, पण स्टीअरिंग डावीकडे वळलेले राहते आणि मागून येणाऱ्याला ती खेकड्यासारखी तिरकी चाललेली दिसते. अशा गाडीचे पुढचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी मूळ दोष जात नाही. मागच्या चाकांमधले अंतर १,२०० मिमी असलेल्या गाडीत आसाचे (दोन्ही चाके ज्याच्या टोकांना असतात त्या आडव्या दांड्याचे) एक टोक १० मिमीने मागे सरकले, तर थ्रस्ट कोन जवळजवळ अर्धा अंश होतो.

प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडर या गाड्यांत मागे पाट्यांवर (पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगांवर) बसवलेला अखंड आस असल्यामुळे दोन चाकांचा परस्परांशी असलेला कोन सहसा बदलत नाही; बिघडते ती अख्ख्या आसाची जागा. पाट्यांच्या थराला एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके आसाच्या बैठकीतील भोकात बसते आणि त्यामुळे आसाची जागा पक्की होते. आस पाट्याला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल राहिले की सगळा ताण या बोल्टवर येतो, तो तुटतो आणि आस पाट्यावर पुढेमागे सरकू लागतो. दुरुस्तीत पाटा सोडवून नवा बोल्ट घालणे, बैठकीचे भोक लांबट झाले असल्यास ते पाहणे आणि यू-बोल्ट नवे बसवून काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा आवळणे या गोष्टी येतात. पाट्याच्या पुढच्या टोकाचा बुश (सांध्यात बसवलेले रबरी अस्तर) झिजणे आणि एकाच बाजूचा पाटा बदललेला असणे, हीदेखील नेहमीची कारणे होत. पाटे नेहमी जोडीने बदलावेत.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत मागे बहुधा साधा आडवा आस असतो. खड्ड्यात चाक जोरात आपटल्याने किंवा फुटपाथच्या कडेवर आदळल्याने तो, किंवा चाक ज्यावर फिरते तो खुंट, किंचित वाकतो. असा भाग तापवून किंवा ठोकून सरळ करण्याची पद्धत अजून दिसते; ती टाळावी, कारण तापवलेल्या पोलादाची मूळ ताकद उरत नाही आणि हा भाग तुटला तर चाकच निखळते. खुंट आसाला बोल्टने जोडलेला असेल तर मध्ये पाचरीसारखी निमुळती शिम (पातळ चकती) घालून टो आणि कॅम्बर थोडेसे दुरुस्त करता येतात. मात्र वाकणे मोठे असेल तर भाग बदलणे हाच मार्ग उरतो.

पुण्यात तयार झालेल्या आणि १९९८ साली बाजारात आलेल्या टाटा इंडिकाची रचना निराळी आहे. तिची मागची चाके स्वतंत्र, तिरप्या बिजागरीवर हलणाऱ्या भुजांवर बसवलेली असल्याने चाक वर-खाली होताना टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. स्प्रिंग बसल्या की गाडी मागून खाली येते, चाकांचे वरचे भाग आत कलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात; ही कड बाहेरून दिसत नसल्याने टायरमधली तार उघडी पडेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. येथे पहिला उपाय कोन बदलण्याचा नाही. गाडीची मूळ उंची परत आणण्याचा आहे. भुजांचे बुश सैल असतील तर उभ्या गाडीवर अलाइनमेंटच्या यंत्राने घेतलेले माप बरोबर येऊनही धावत्या गाडीत चाक जागा सोडते. म्हणून यंत्रावर चढवण्यापूर्वी चाक जॅकवर उचलून बेअरिंग आणि बुशांची ढिलाई हाताने हलवून पाहणे आवश्यक असते.

मोजणीपूर्वी चारही टायरमधील हवा सारखी करावी आणि डिकीतले ओझे काढावे. यंत्र उपलब्ध नसल्यास दोऱ्याची जुनी पद्धत आजही विश्वासार्ह ठरते: गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर, मध्यरेषेला समांतर दोरे ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासूनचे अंतर मोजतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी बहुधा वेगळी असते, हे विसरल्यास सगळी मोजणी चुकते. रिम वाकडी असण्याची शक्यता धरून गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलून माप पुन्हा घ्यावे. आसाची जागा तपासण्यासाठी बॉडीवरील मूळ भोकांपासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंतची तिरपी अंतरे ओळंब्याने जमिनीवर उतरवून ताडून पाहतात. दुरुस्तीचा क्रम मागून पुढे असा असतो. आधी मागील चाके, मग त्यांच्या थ्रस्ट रेषेला धरून पुढची.

काही गाड्यांत मागची चाके धरणाऱ्या दांड्यांना कॅमचे (मध्य सोडून बसवलेल्या चकतीचे) बोल्ट असतात आणि ते फिरवून टो बदलतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत, विशेषतः मुंबई आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत, हे बोल्ट बुशच्या आतील नळीला गंजून घट्ट बसतात. ज्योतीने तापवल्यास रबर जळते, म्हणून आदल्या दिवसापासून गंज सोडवणारे तेल मारणे आणि तेवढ्याने न सुटल्यास बोल्ट कापून बुशसह नवा घालणे योग्य. रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असावी. लोंबत्या चाकांवर आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

टोच्या दोषाने मागच्या टायरवर करवतीच्या दातांसारखी झीज तयार होते आणि तिचा घुमणारा आवाज बेअरिंगच्या आवाजासारखाच असतो. कोन दुरुस्त झाल्यावरही तेच टायर वापरात असल्यास हा आवाज राहतो. तो टायरचा की बेअरिंगचा, हे ती चाके तात्पुरती पुढे लावून पाहिल्यास कळते.