एचडीआय (मानव विकास निर्देशांक) म्हणजे सुखाचा नंबर नव्हे हो!
परवा इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जलेबी खाताना आमचे काका परत तेच म्हणाले, "अरे इंदूर सफाईत नंबर वन, पैसा पण भरपूर, मग मानव विकासात पण आपणच पुढे." फॅमिली ग्रुपवर पण हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि त्यात एचडीआय म्हणजे सुखाचा निर्देशांक असल्याचं पण लिहिलेलं असतं. सफाई असली की एचडीआय वर, पैसा असला की एचडीआय वर, आणि एचडीआय म्हणजे सुख, हे तीनही समज चूक.

1990 मधे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं हा निर्देशांक काढला, अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकारानं, अमर्त्य सेन पण सोबत होते. त्यात सफाई नाही, सुख तर नाहीच (तो वेगळा रिपोर्ट, त्यात लोकांनाच विचारतात की 0 ते 10 मधे तुमचं आयुष्य कुठे). एचडीआयमधे फक्त सरासरी आयुर्मान, शिक्षणाची वर्षं आणि दरडोई उत्पन्न.

आणि पैसा पण सरळ मोजत नाहीत, लॉग घेतात, म्हणजे उत्पन्न 1,000 डॉलरचं 2,000 झालं तर जेवढे मार्क वाढतात तेवढेच 10,000 चं 20,000 झाल्यावर, आणि 75,000 च्या वर तर काहीच नाही.

2010 पासून तिघांच्या 0 ते 1 मधल्या मार्कांचा गुणाकार करून घनमूळ काढतात. समजा दोघांत 0.9 आणि शिक्षणात 0.3, साधी सरासरी 0.7 आली असती, इथे जेमतेम 0.62. काकांना पेपर नॅपकिनवर करून दाखवलं, ते म्हणाले ठीक आहे, पण जलेबी थंड होतेय.