हरभऱ्याची भाजी : हिवाळ्यातली ओली, उन्हाळ्यातली वाळलेली

विदर्भातल्या कोरडवाहू गावांत सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरला जातो आणि पीक महिना-सव्वा महिन्याचे झाले की शेंडे खुडायला सुरुवात होते. त्याने झाडाला फुटवे फुटतात आणि घरात भाजी येते. काही त्याच दिवशी शिजते; उरलेली वाळवून ठेवली जाते आणि चैत्र-वैशाखात, पारा ४५ अंशांकडे सरकून शिवारात हिरवे पान दिसेनासे होते तेव्हा, बाहेर निघते. झाड एकच म्हणून दोन्हींतले पोषण सारखेच, असे काही जण मानतात. वाळलेली भाजी अधिक ताकदीची, असेही ठामपणे सांगणारे भेटतात. यातला बराचसा घोळ वजनाचा आहे.

ओल्या पाल्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, त्यामुळे १ किलो पाला वाळून पाव किलोच्या थोडा वर भरतो. साहजिकच १०० ग्रॅम ओल्या भाजीशेजारी १०० ग्रॅम वाळलेली भाजी मांडली, तर प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि तंतू यांचे आकडे दुसरीकडे तिपटीहून मोठे दिसतात. प्रत्यक्षात पानात नवे काहीच आलेले नसते, केवळ पाणी उडालेले असते. तुलना करायची तर ओल्या किलोची त्यातून उरलेल्या वाळल्या पाल्याशी करावी. तशी केल्यास खनिजे आणि प्रथिने जवळपास बरोबरीत सुटतात.

जीवनसत्त्वांची गोष्ट मात्र वेगळी आहे. क जीवनसत्त्व हवा, उष्णता आणि उजेड यांपैकी कशापुढेच फारसे टिकत नाही, म्हणून वाळलेल्या भाजीत ते नावापुरतेच उरते. ओली भाजी खूप वेळ शिजवली तरी त्याचा मोठा भाग जातो. कच्चा पाला, कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि तेल यांचा घोळाणा या बाबतीत सर्वांत सरस ठरतो. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते, ते बीटा कॅरोटीनही थेट उन्हात बरेच नष्ट होते. पाला सावलीत, वाऱ्यावर वाळवल्यास ते अधिक राखले जाते. वाळवणाचा हिरवा रंग जाऊन तो पिवळट-तपकिरी झाला असेल, तर हे नुकसान झाले आहे असे खुशाल समजावे.

शहरातल्या दुकानांतील डबाबंद भाजीला हाच हिशेब लावता येत नाही. तिच्यातले पाणी कायम असते, तिला निर्जंतुक करताना बसलेल्या उष्णतेने क जीवनसत्त्व घटते, काही सत्त्व डब्यातल्या पाण्यात उतरते आणि वर बहुधा मीठ घातलेले असते. वाळवणात निदान मीठ आपल्या हाती राहते.

वनस्पतींमधले लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व असणे उपयोगी पडते, आणि वाळलेल्या भाजीत नेमकी त्याचीच उणीव असते. सुदैवाने ती खाण्याच्या दिवसांत कैऱ्या आलेल्या असतात. भाकरीसोबत कच्च्या कैरीची फोड घ्यावी किंवा शिजलेल्या भाजीवर ताटात लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेतल्यास हा लाभ कमी होतो.

धुतल्यास पाल्यावरची आंब, म्हणजे पानांवर सुटणारा आंबट अंश, जाऊन चव उतरते म्हणून पुष्कळ घरी तो धुतला जात नाही. घाटेअळीसाठी फवारणी झालेल्या शेतातला पाला मात्र खाण्यासाठी किंवा वाळवण्यासाठी खुडूच नये. वाळल्याने औषधाचा अंश निघून जाईल, असा भरवसा धरता येत नाही.