कडक बॅटीने बॉल लांब जातो म्हणे!

"कार्बन फायबरची आहे, एकदम कडक, म्हणून बॉल लांब जातो." बेसबॉल शिकणाऱ्या पोरांचे आईबाप पणजी-फोंड्याकडे हल्ली हेच बोलतात, कारण दुकानदार हेच सांगतो. आपल्या गोव्यात मैदान म्हटलं की फुटबॉल नाहीतर क्रिकेट, त्यामुळे बॅट म्हणजे भरीव लाकूड हेच डोक्यात बसलंय. ही कार्बन फायबरची, म्हणजे कॉम्पोझिट बॅट आतून पोकळ असते आणि तिची सगळी करामत कडकपणात नाही, मऊपणात आहे.

म्हणजे बघा, ताशी ९६ किमी वेगाने बेसबॉल भिंतीवर आपटला तर उलटा येताना जेमतेम अर्धा वेग उरतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे पाव उरली आणि पाऊण गेली, आतल्या लोकरीच्या धाग्यांत घर्षणाने उष्णता होऊन. स्प्रिंग म्हणून बॉल अगदीच भिकार! लाकडी बॅटीवर दबतो तो बॉलच. पोकळ बॅटीची भिंत मात्र ट्रॅम्पोलीनसारखी आत जाते आणि घेतलेलं बरंचसं परत देते, तेही मिलिसेकंदभरात. दोन स्प्रिंगा एकामागे एक ठेवून दाबल्या तर दोघींवर बल तेच, पण साठलेली ऊर्जा कडकपणाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे मऊ स्प्रिंग जास्त खाते. भिंत मऊ केली की ऊर्जा बॉलऐवजी भिंतीत जाते आणि वाया कमी जाते. ॲल्युमिनियम फार पातळ केलं तर पोचे पडतात. कॉम्पोझिटमध्ये कार्बन आणि काचेच्या धाग्यांचे थर इपॉक्सी नावाच्या चिकट रेझिनमध्ये बसवतात, धाग्यांचा कोन बदलला की बॅट लांबीत ताठ पण घेरात लवचीक असं जमतं, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

आता गंमत अशी की ही बॅट वापरून सुधारते. प्रत्येक फटक्याला रेझिनमध्ये बारीक भेगा पडतात, भिंत अजून मऊ होते, बॉल अजून जोरात सुटतो, आणि मग एक दिवस बॅट फुटते. अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलने २००९ साली कॉम्पोझिट बॅटी थांबवल्या त्या यामुळेच, नवी असताना चाचणीत पास झालेली बॅट नंतर बॉल किती जोरात सुटावा याची मर्यादा ओलांडत होती. तिथल्या लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या स्पर्धांत, २०१८ पासून बॅटीवर यूएसए बेसबॉल या संघटनेचा शिक्का लागतो, त्या बॅटी मुद्दाम लाकडाच्या जवळपास ठेवलेल्या असतात. म्हणून आधी कोचला विचारा, तुमच्या स्पर्धेत कुठला शिक्का चालतो.

बाकी नव्या बॅटीला हळद-कुंकू लावा, देवचाराला गाऱ्हाणं घाला, माझी हरकत नाही, पण "नॅनो" लिहिलंय म्हणून डबल पैसे देणं हीसुद्धा अंधश्रद्धाच.

पोराला झेपेल ते वजन घ्या. बॅटीवर ३०/२० लिहिलं असेल तर लांबी ३० इंच, वजन २० औंस म्हणजे साधारण ५६७ ग्रॅम, फरक १० म्हणून तिला ड्रॉप १० म्हणतात. पण सारख्या वजनाच्या दोन बॅटींत जिचा भार टोकाकडे ती फिरवायला जड, कारण तिथे भाराला हातापासूनच्या अंतराचा वर्ग लागतो, तेव्हा आकडा वाचून घेऊ नका, पोराच्या हातात देऊन फिरवायला लावा. आणि पावसाळ्यात बॉल आपटल्यावर ढिम्म उसळतो तेव्हा बॅटीला शिव्या देऊ नका, दमट हवेत बॉलच जड आणि मऊ होतो.

जुनी घेत असाल तर जाड भाग दोन्ही हातांनी दाबत कानाशी फिरवा, करकर ऐकू आली तर आत थर सुटलेत, फुकट दिली तरी नको.