नंबर ३२ दुर्बीण

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश स्नायपरांच्या ली-एनफिल्ड नं. ४ मार्क १ (टी) या रायफलीवर बसणारी, तिप्पट मोठे दाखवणारी दुर्बीण. जुन्या लष्करी दुर्बिणी जमवणाऱ्यांमध्ये तिला मोठा मान आहे. तिची आखणी मुळात ब्रेन मशीनगनसाठी झाली होती. पुढे १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुका घडवणाऱ्या पेढीने ती निवडक रायफलींवर चढवली. वीस हजारांहून अधिक रायफली या पेढीत तयार झाल्या. दुर्बिणी मात्र वेगवेगळ्या कारखान्यांनी केल्या, त्यांत कॅनडातलाही एक होता.

वरच्या चकतीवर १,००० यार्डांपर्यंतचे आकडे असतात आणि बाजूच्या चकतीने डावे-उजवे साधते. मार्क १ या दुर्बिणीच्या पहिल्या आवृत्तीत बाजूची चकती एका टिचकीला नेम कोनाची २ मिनिटे (अंशाचा तिसावा भाग) सरकवी, त्यामुळे नेम बारीक बसत नसे. मार्क २ मध्ये ते अंतर १ मिनिटावर आणले. या दोन्हींच्या चकत्या शून्यावर आणायला खास हत्यार लागे. मार्क ३ मध्ये ती कटकट संपली, म्हणून वापरायला तीच सर्वांत सोयीची.

संग्राहक सगळ्यात आधी धातूवर नि लाकडावर ठोकलेल्या क्रमांकांचे आकडे पाहतो. दोन मोठे हातस्क्रू सैल केले की ब्रॅकेटसकट, म्हणजे तिला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या बैठकीसकट, दुर्बीण निघते आणि पत्र्याच्या डब्यात जाते. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीशी जुळवलेली असल्याने अदलाबदल झाली तर नेम चुकणार. म्हणून रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर ठोकत आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या लाकडी दस्त्याच्या मानेवर, वरच्या बाजूला. लष्कराने माल विकून टाकताना या जोड्या फुटल्या. ब्रिटनमध्ये रायफलीला परवाना लागतो, सुट्या दुर्बिणीला लागत नाही, त्यामुळे एकट्या दुर्बिणी घरोघर उरल्या. आकडे जुळणारी जोडी आज दुर्मिळ आहे आणि तिची किंमतही त्याच हिशेबाने चढते. नव्याने ठोकलेल्या आकड्यांची फसवणूक इथूनच सुरू होते. जुन्या ठशाच्या खोबणीत काळा रंग नि मळ मुरलेला असतो, ताज्या ठशाच्या कडेला धातू चकाकतो.

मग भिंग. जोडभिंगे कॅनडा बाल्समने चिकटवलेली असत. तो डिंक सुटला की दुर्बीण उजेडाकडे तिरकी धरल्यावर कडेला इंद्रधनुषी पापुद्रा दिसतो. भिंगे पुन्हा चिकटवण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. बाहेरचा झिजलेला काळा रंग मात्र तसाच ठेवावा, पॉलिश करणे म्हणजे नुकसानच.

१९७० च्या सुमारास ७.६२ मिमी.ची एल४२ए१ रायफल आली, तेव्हा मार्क ३ दुर्बिणी तिच्यासाठी सुधारून घेतल्या गेल्या. जुने नाव खोडून त्यांवर नवे कोरले. काही संग्राहक अशा दुर्बिणीला कमी लेखतात, ते पटण्यासारखे नाही. खोडलेल्या अक्षरांतच तिची दुसऱ्या रायफलीवरची नोकरी दिसते.