ट्यूडर, स्टुअर्ट आणि अर्ध्या ओळीतला हिंदुस्थान

इंग्लंडमधे ज्यांची पोरं शाळेत आहेत त्या आपल्या लोकांना कधीतरी हा प्रश्न पडतोच, की ट्यूडर घराण्यातला राजा आठवा हेन्री आणि त्याच्या सहा बायका पोरांना तोंडपाठ, पण त्याच काळात बाकीच्या जगात काय चाललं होतं त्याचा पत्ता नाही, हे कसं काय? तर हे समजायला १९८८ च्या मागेपुढे बघावं लागतं.

त्याआधी तिकडे सगळ्या शाळांना मिळून एक सरकारी अभ्यासक्रम असं काही नव्हतंच, शाळा आणि परीक्षा मंडळंच बरंचसं ठरवायची. १९७२ ला स्कूल्स कौन्सिल या अभ्यासक्रमावर काम करणाऱ्या संस्थेचा हिस्टरी प्रोजेक्ट सुरू झाला, त्यात सनावळ्यांपेक्षा पुरावे तपासण्यावर भर. पुढे पंतप्रधान झालेल्या थॅचरबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं, त्यांच्या मते इतिहास म्हणजे आधी घडलेल्या गोष्टींची माहिती. मग १९८८ चा शिक्षण कायदा आला, त्यातून नॅशनल करिक्युलम म्हणजे सरकारी अभ्यासक्रम, आणि इतिहासाच्या समितीवर अध्यक्ष कोण नेमले तर मायकल साँडर्स वॉटसन, जे चक्क एका किल्ल्याचे मालक होते! पण गंमत म्हणजे त्या समितीचा पहिला अहवालसुद्धा बाईंना रुचला नाही. बरीच ओढाताण होऊन १९९१ पासून शाळांत शिकवणं सुरू झालं आणि १५०० ते १७५० हा काळ एका कप्प्यात बसला, राजे, पार्लमेंट आणि प्रजा, सगळं ब्रिटनचंच. सोळाव्या वर्षापर्यंत इतिहास सक्तीचा करायचा मूळ बेत होता तोही नव्वदच्या दशकातच बारगळला, चौदाव्या वर्षानंतर विषय सोडला तरी चालतं. म्हणजे अडीचशे वर्षं उरकायला वेळ किती मिळणार, तुम्हीच बघा.

२००८ ला गुलामांचा व्यापार आणि साम्राज्य हे विषय सक्तीचे झाले. मग मायकल गोव्ह शिक्षणमंत्री असताना २०१३ च्या फेब्रुवारीत नवा मसुदा आला, त्यात क्लाइव्हचं नाव ठळक होतं, इतिहासाच्या शिक्षकांनी आणि प्राध्यापकांनी इतकी झोड उठवली की काही महिन्यांत तो बराचसा बदलावा लागला. २०१४ पासून लागू झाला तो हा बदललेला. त्यात ११ ते १४ वयासाठी १५०९ ते १७४५ चा ब्रिटन आहे, आणि काय काय शिकवता येईल त्या यादीत अमेरिकेतली पहिली वसाहत आणि भारताशी पहिला संपर्क, दोन्ही मिळून एक ओळ. म्हणजे आपल्या वाट्याला अर्धी.

आता त्याच यादीत दुसऱ्या चार्ल्सचं गादीवर परतणं आहे. त्याच चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरताना १६६१ च्या करारात मुंबई मिळाली, १६६८ मधे त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि १६७४ ला कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. हे सगळं स्टुअर्टांच्या, म्हणजे या चार्ल्सच्याच घराण्याच्या, धड्यात आरामात बसतं की. पण जगाचा इतिहास म्हणून वेगळा एक विषय निवडायचा असतो, तिथे उदाहरण दिलंय मुघल भारत, १५२६ ते १८५७. १७६० मधे दिल्ली कोणाच्या ताब्यात होती ते आपल्याला कोणी सांगायला नको!