एकच सिंफनी, तीन क्रमांक: पाश्चात्त्य रचनांच्या नंबरांचा गुंता

चेक संगीतकार द्वोर्झाकने २४ मे १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये आपली ई मायनर पट्टीतली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, हातावेगळी केली. हस्तलिखितावर त्याने स्वतः आकडा घातला आठ. १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली, आणि पुढे छापील प्रत बाजारात आली तेव्हा मुखपृष्ठावर होता पाच. आज हीच ‘न्यू वर्ल्ड’ जगभर नववी म्हणून ओळखली जाते. यातला एकही आकडा छपाईची चूक नाही. प्रत्येक वेळी मोजणारा वेगळा होता, एवढंच.

आठ का, तर १८६५ साली लिहिलेली पहिली, सी मायनर सिंफनी त्याने जर्मनीतल्या एका स्पर्धेला पाठवली होती आणि ती परत आलीच नाही. गेली ती गेली, असं समजून त्याने ती मोजणीतून काढली. ती सापडली १९२३ मध्ये, म्हणजे तो जाऊन १९ वर्षं झाल्यावर, आणि वाजली १९३६ मध्ये.

पाचचा हिशेब दुकानदारीचा. त्याच्या हयातीत नऊपैकी पाचच सिंफन्या छापल्या गेल्या आणि ज्या क्रमाने छापल्या त्या क्रमाने नंबर पडले. १८८० ची डी मेजर झाली पहिली, १८८५ ची डी मायनर दुसरी. मग बर्लिनच्या प्रकाशकाने १८७५ मधली एफ मेजर कपाटातून बाहेर काढली आणि १८८८ मध्ये तिसरी म्हणून छापली. १८८९ ची जी मेजर लंडनहून चौथी म्हणून निघाली आणि न्यू वर्ल्ड पाचवी. आजच्या मोजणीत या पाच अनुक्रमे सहावी, सातवी, पाचवी, आठवी आणि नववी.

ओपस नंबर, म्हणजे संगीतकाराच्या रचनांना ओळीने दिलेला क्रमांक, बघून सुटका होईल म्हणावं, तर तिथेही पाणी मुरलंय. त्या एफ मेजरवर द्वोर्झाकने ओपस २४ घातला होता. प्रकाशकाने तो खोडून ७६ छापला, कारण १३ वर्षांची जुनी चीज गिऱ्हाइकाला ताजी वाटायला हवी होती. द्वोर्झाकची तक्रार वाया गेली. पण तोही काही भोळा नव्हता. नव्या रचनांवर पहिला हक्क या प्रकाशकाचा होता, म्हणून दुसरीकडे विकायच्या नव्या रचनेवर तो कधी कधी मुद्दाम जुना, लहान ओपस घालायचा. एकाने जुन्याचं नवं केलं, दुसऱ्याने नव्याचं जुनं. तेव्हा द्वोर्झाकच्या बाबतीत ओपसवरून काळ ठरवायला जाऊ नये.

१९५० च्या दशकात समग्र आवृत्ती निघू लागली तेव्हा नऊही सिंफन्या हाताशी होत्या, पूर्ण होत्या आणि त्यांच्या तारखा पक्क्या होत्या. कालक्रमाने एक ते नऊ लावल्या गेल्या. १९६० मध्ये बुर्गहाउझरची स्वतंत्र सूची आली, तिच्यात न्यू वर्ल्ड बी १७८ (‘बी’ सूचीकाराचा). हा बदल बऱ्यापैकी पचला. जुन्या तबकड्या चाळणाऱ्याला मात्र एक सापळा अजून आहे: लेबलवर ‘सिंफनी नंबर ४’ असेल तर ती बहुधा जी मेजर, म्हणजे आजची आठवी. आजची चौथी डी मायनर आहे, ओपस १३. आणि जुनी दुसरी, आजची सातवी, तीही डी मायनरच, ओपस ७०. म्हणून नुसती पट्टी बघून खरेदी केली तरी फसगत होऊ शकते.

आपल्याला हे नवं नाही. तुकोबांच्या गाथेच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकच अभंग वेगवेगळ्या क्रमांकांवर सापडतो. आपण क्रमांकाच्या नादी न लागता पहिल्या चरणावरून शोधतो. सिंफनीला चरण नसतो, म्हणून चांगल्या सूचीत प्रत्येक भागाचे सुरुवातीचे दोनचार बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे तुकडे, नोटेशनमध्ये (स्वरलिपीत) छापलेले असतात. ती तिची चरणसूची. ज्याला नोटेशन वाचता येतं त्याने नंबरावर वाद घालत बसू नये, ते चार बार गुणगुणून बघावेत.

द्वोर्झाकचा गुंता निदान सुटला. व्हिएन्नाच्या शुबर्टचा सोडवायला गेले आणि जास्तच आवळला.

१८१३ ते १८१८ मधल्या पहिल्या सहा सिंफन्यांबद्दल तंटा नाही. पुढे १८२१ मध्ये ई मेजर सिंफनीचा आराखडा आहे, चारही भागांचा. पण पहिल्या ११० बारांनंतर पूर्ण वाद्यवृंद थांबतो आणि बहुतेक एकेरी सुरावट कागदावर उरते. १८२२ मध्ये बी मायनर: दोन भाग अथपासून इतिपर्यंत लिहिलेले, तिसऱ्याचे वाद्यवृंदासाठी जेमतेम २० बार. ही ‘अनफिनिश्ड’. तिचं हस्तलिखित ग्राझमधल्या एका मित्राकडे पडून होतं, ते बाहेर येऊन वाजायला १८६५ चा डिसेंबर उजाडला. तोवर शुबर्टला जाऊन ३७ वर्षं झाली होती. आणि १८२५-२६ मधली सी मेजर, ‘ग्रेट’. ती संगीतकार शूमानला १८३९ च्या पहिल्या दिवशी व्हिएन्नात, शुबर्टच्या भावाच्या घरी, कागदांच्या ढिगात दिसली आणि २१ मार्चला लाइपझिगमध्ये मेंडेलसोनने ती सादर केली.

ग्रेट आधी लोकांसमोर आली, म्हणून १८८० च्या दशकातल्या समग्र आवृत्तीत ती सातवी आणि अनफिनिश्ड आठवी. मग कालक्रमाचा आग्रह वाढला. इंग्रजी मुलुखात ई मेजरच्या आराखड्याला सातवी म्हणायची पद्धत पडली (दोघातिघांनी तो पुरा करून वाजवलाही होता), अनफिनिश्ड आठवीच राहिली आणि ग्रेट नववी झाली. नऊ हा आकडा बीथोव्हनच्या नऊ सिंफन्यांमुळे मानाचा, तो शुबर्टलाही मिळाला म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

याला आणखी एक फाटा होता. १८२५ च्या उन्हाळ्यात शुबर्ट गास्टाइनला होता आणि तिथे एका मोठ्या सिंफनीवर काम करत होता, असे समकालीन उल्लेख आहेत. ग्रेटच्या हस्तलिखितावर मात्र मार्च १८२८ ही तारीख. म्हणून शंभरेक वर्षं एक ‘हरवलेली’ सिंफनी शोधली जात होती. शुबर्टच्या सूचीत तिला डी ८४९ (‘डी’ सूचीकार डॉइचचा) हा स्वतंत्र क्रमांकही देऊन ठेवला होता. हस्तलिखिताच्या कागदाचा, त्यातल्या जलचिन्हांचा अभ्यास झाला तेव्हा उलगडलं की ग्रेटचा बराच भाग १८२५-२६ चाच आहे. हरवलेली सिंफनी सगळा वेळ समोर वाजत होती.

१९७८ मध्ये शुबर्टच्या सूचीची सुधारित जर्मन आवृत्ती आली आणि तिने ई मेजरला क्रमांकातून वगळलं. अनफिनिश्ड झाली सातवी, ग्रेट आठवी. जर्मन भाषिक देशांनी बऱ्याच अंशी ते मानलं, इंग्रजी मुलुखाने नाही. आज परिस्थिती अशी की ‘शुबर्टची सातवी’ म्हणजे तीन वेगळ्या रचना, ‘आठवी’ म्हणजे दोन, आणि ग्रेटला सात, आठ, नऊ असे तीन आकडे.

वगळणाऱ्यांचं तर्कशास्त्र पक्कं होतं. ज्या रचनेचा बराचसा वाद्यवृंद लिहिलाच नाही तिला पूर्ण सिंफनीच्या रांगेत उभं करायचं कशाला? अनफिनिश्ड अपुरी असली तरी तिचे दोन भाग जसेच्या तसे वाजवता येतात, हा फरक खरा आहे. पण शंभर वर्षांची मुखपृष्ठं, तबकड्या आणि कार्यक्रमपत्रिका आठवी आणि नववीवर उभ्या असताना एकेक पायरी खाली सरकवणं, तेही अशा रीतीने की जुना आठ एका रचनेचा आणि नवा आठ दुसरीचा, हा निर्णय कागदावर बरोबर आणि व्यवहारात चुकलेला. सातची जागा रिकामी सोडली असती तर काही बिघडलं नसतं. मोझार्टची सदतिसावी तशीच रिकामी आहे आणि कोणाचं अडत नाही.

व्यवहारात काय होतं ते बघा. वाद्यवृंदासाठी पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या प्रती, मागवताना कोणी ‘शुबर्ट ८’ एवढंच लिहिलं आणि दुसरा संच आला, तर वाद्यांच्या यादीवरून चूक पकडता येत नाही. दोन्हींत तेच: दोन फ्लूट, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बसून, दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, टिंपनी आणि तंतुवाद्यं. खुर्च्या मांडल्या तरी सगळं जुळतं. पहिल्या पानावर क्लॅरिनेट ‘ए’ पट्टीचे लिहिलेत की ‘सी’चे, हे बघितलं तर कळेल: ए असतील तर अनफिनिश्ड. नाहीतर तालमीच्या पहिल्याच बारला कळतं. अनफिनिश्डची सुरुवात चेलो आणि डबल बासच्या दबक्या खर्जातून होते, ग्रेटची दोन हॉर्न एकाच सुरात धरून. आणि कार्यक्रमाचा वेळ? अनफिनिश्ड साधारण २५ मिनिटांची, ग्रेट ५० च्या पुढे, सगळी आवर्तनं घेतली तर तासाला टेकते.

जुना आकडा अगदीच टाकाऊ नाही, त्याचा एक उपयोग आहे. ग्रेटच्या पार्ट्सवर ‘७’ छापलेला दिसला तर ती एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती किंवा तिचं पुनर्मुद्रण समजावं. या आवृत्तीत सुरुवातीच्या आंदान्तेला, म्हणजे मध्यम संथ भागाला, साधी चार मात्रांची खूण आहे. शुबर्टच्या हातची खूण तिच्यातून उभी रेघ गेलेली, म्हणजे बारात दोन ठोके मोजायची. पिढ्यान्‌पिढ्या ही प्रस्तावना संथ, भारदस्त वाजत आली आणि पुढच्या वेगवान भागाशी तिचा सांधा जुळवताना संचालकांना मध्येच गती ओढावी लागली, त्याचं एक कारण ही गाळलेली रेघ. शुबर्टच्या हस्ताक्षरातली आघाताची लांबट खूण आणि आवाज उतरवण्याची खूण यांतही गल्लत होते. ग्रेटचा शेवटचा सूर दणक्यात थांबवायचा की विझवत न्यायचा, हे हातात कुठली प्रत आहे यावर ठरत आलंय. मुखपृष्ठावरचा आकडा रचनेबद्दल फारसं सांगत नाही, प्रतीचं वय मात्र सांगतो.

इतरांचं थोडक्यात. मेंडेलसोनची पाचवी, ‘रिफॉर्मेशन’, १८३० ची, पण त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली म्हणून शेवटचा नंबर. त्याने सर्वांत शेवटी पुरी केली ती तिसरी, ‘स्कॉटिश’. बीथोव्हनचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) पहिल्याच्या आधी सुरू झालेला, शोपँचंही तेच. २२ डिसेंबर १८०८ च्या व्हिएन्नातल्या कार्यक्रमात तर ‘पास्तोराल’ पाचवी आणि सी मायनर सहावी म्हणून जाहीर झाली होती. छापताना अदलाबदल झाली, नाहीतर ते प्रसिद्ध चार ठोके आपण ‘बीथोव्हनची सहावी’ म्हणून सांगितले असते.

टोपणनावांची तऱ्हा वेगळी. ‘मूनलाइट’ हे नाव बीथोव्हनचं नाही. ओपस २७ मधल्या दुसऱ्या सोनाटावर, पियानोच्या रचनेवर, त्याने लिहिलं होतं ते ‘जवळपास फँटसियाच’ (मुक्त बांधणीची रचना) अशा अर्थाचं. चंद्रप्रकाश एका समीक्षकाचा, आणि नाव म्हणून तो रूढ झाला बीथोव्हन गेल्यावर.

मोझार्टच्या ४१ पैकी सदतिसावी मिखाएल हायडनची निघाली. मोझार्टने तिला फक्त संथ प्रस्तावना जोडली होती. तिसरी आबेल नावाच्या दुसऱ्या संगीतकाराची. आकडे मात्र ४१ पर्यंतच जातात, मधली भोकं तशीच. त्याच्या सूचीचा प्रवासही शुबर्टच्या उलट झाला. १८६२ च्या पहिल्या सूचीत ६२६ नोंदी होत्या, शेवटची रेक्विएम, मृतांसाठीची प्रार्थना. जी मायनरमधली पंचविसावी सिंफनी, जिच्यातली धून टायटन घड्याळाच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे घराघरात पोचली, तिला क्रमांक मिळाला १८३. विसाव्या शतकात कालक्रम सुधारायला घेतला तेव्हा मधल्या जागांत अक्षरं कोंबावी लागली आणि तीच सिंफनी १७३ डीबी झाली. तबकड्यांवर मग दोन्ही आकडे तिरप्या रेघेने छापायची पद्धत पडली. एकाने शोधलं तर दुसरा सापडायचा नाही, म्हणून. २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली. तिने कालक्रमाचा नाद सोडला आणि ही सिंफनी पुन्हा १८३ झाली.