कॉपीराइट क्लेम की स्ट्राइक? ईमेल आला की आधी हे बघा

यूट्यूबवर व्हिडिओ चढवला आणि थोड्याच वेळात कॉपीराइटचा ईमेल आला, की घाबरून व्हिडिओ डिलीट करणारे बरेच असतात. क्लेम, म्हणजे व्हिडिओत आपलं गाणं वा चित्र वापरल्याचा मालकाचा दावा, असेल तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते. स्ट्राइक, म्हणजे चॅनेलच्या नावावर लागणारा कॉपीराइटभंगाचा शेरा, असेल तर डिलीट करून तो जात नाही. क्लेम लागतो व्हिडिओला, स्ट्राइक बसतो चॅनेलवर. ईमेलमध्ये आधी हेच शोधावं.

बहुतेक क्लेम माणूस लावतच नाही. संगीत कंपन्या आणि वितरक आपली गाणी कंटेंट आयडी या यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेकडे नमुना म्हणून देऊन ठेवतात. ती २००७ पासून चालू आहे. नव्या व्हिडिओतला आवाज आणि चित्र या नमुन्यांशी ताडून पाहिलं जातं. जुळलं तर काय करायचं हे मालकाने आधीच ठरवलेलं असतं: व्हिडिओ अडवायचा, जाहिरातीचे पैसे घ्यायचे, की फक्त आकडे बघायचे. हे देशागणिक वेगळं असू शकतं, म्हणून तोच व्हिडिओ एकीकडे दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही. चॅनेलच्या खात्यावर मात्र याचा डाग पडत नाही.

स्ट्राइकमागे कायदेशीर मागणी असते. मालक व्हिडिओ काढायला सांगतो, व्हिडिओ उतरतो आणि चॅनेलवर नोंद होते. ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं, त्यावरच्या बाकीच्या निर्दोष व्हिडिओंसकट. सुटायचे मार्ग मोजकेच: कॉपीराइट स्कूल (यूट्यूबचा छोटा अभ्यासक्रम) पूर्ण करून ९० दिवस थांबणं, मालकाला तक्रार मागे घ्यायला लावणं किंवा प्रतिनोटीस देणं. प्रतिनोटीस म्हणजे कोर्टाची तयारी असल्याचं लिहून देणं. ती रागाच्या भरात भरू नये.

खरी गफलत होते ती या दोहोंमधल्या वाटेवर. क्लेमवर डिस्प्यूट (हरकत) टाकला की समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलंच नाही तर क्लेम आपोआप सुटतो. त्याने डिस्प्यूट फेटाळला आणि तुम्ही अपीलही केलं, तर तो व्हिडिओ काढण्याची मागणी करू शकतो. ती मान्य झाली की कालपर्यंतचा साधा क्लेम आज स्ट्राइक होतो. म्हणून हातात परवान्याचा कागद असेल तरच शेवटपर्यंत लढावं. ‘श्रेय दिलं आहे’, ‘दहाच सेकंद वापरलं’, ‘पैसे कमवत नाही’ या सबबी इथे चालत नाहीत. पण कागद असेल तर उशीरही करू नये: क्लेम आल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट टाकला, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखली जाते. नंतर टाकला तर डिस्प्यूटच्या तारखेपासूनची.

पैसे मोजून घेतलेल्या बीटवरही (ज्यावर गाता येतं अशा तयार संगीतावरही) क्लेम येतो, आणि त्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. तोच बीट विकणाऱ्याने अनेकांना दिलेला असतो. त्यातला एखादा त्यावर गातो, वितरकामार्फत गाणं प्रसिद्ध करतो आणि फॉर्ममध्ये कंटेंट आयडीच्या चौकटीवर टिचकी मारतो. आता यंत्राच्या लेखी तो बीट त्याचा! मग बाकीच्या सगळ्या खरेदीदारांना क्लेम. अशा वेळी डिस्प्यूटमध्ये ‘परवाना’ हे कारण निवडून विक्रेत्याचं नाव, खरेदीची तारीख आणि परवान्यातलं नेमकं वाक्य लिहावं. मोघम लिहिलेलं फेटाळलं जातं.

कव्हर गाण्यांचं वेगळंच. आवाज तुमचा, वाद्यं तुमची, तरी क्लेम येतो, कारण ध्वनिमुद्रण तुमचं असलं तरी शब्द आणि चाल दुसऱ्याची असते. असा क्लेम बहुधा रास्तच असतो.

लढायचं नसेल तर यूट्यूब स्टुडिओतच तेवढा भाग कापता येतो, गाणं बदलता येतं किंवा आवाज बंद करता येतो. आणि अपलोड करताना येणारी ‘तपासणी’ची पायरी पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ खाजगी ठेवला, तर त्यात सापडणारा क्लेम प्रसिद्धीच्या आधीच कळतो.